पितळी सेफ्टी रेझर: आठ महिन्यांनंतर

आठवड्यातून चारदा दाढी करतो. साधारण पाच दाढ्यांनंतर ब्लेड बदलतो, म्हणजे आठ महिन्यांत अठ्ठावीसेक ब्लेडं झाली. एक ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाड, त्यामुळे सगळी एकावर एक रचली तरी थर तीन मिलिमीटरही होत नाही. आधीच्या रेझरच्या कार्ट्रिजांच्या, म्हणजे पात्यांसकट टाकायच्या डोक्यांच्या, कचऱ्याने पिशवी भरली असती. शिवाय कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक, रबर आणि पोलाद असं काही घट्ट बसवलेलं असतं की वेगळं करायला कोणी धजावत नाही. ब्लेड म्हणजे नुसतं पोलाद.

पण पहिली खरेदी चुकली. स्वस्त बघून जस्ताच्या मिश्रधातूचा रेझर घेतला. दोन महिन्यांत मुलामा उडाला आणि एके सकाळी डोक्याचा आट्यांचा खिळा मुठीतच तुटून राहिला. कचरा कमी करायला निघालो होतो, पहिला कचरा मीच केला! मग पितळी घेतला. हातात जड लागतो, पण त्या वजनानेच तो चालतो, दाबावं लागत नाही. दाबलंत की कापलंच. सुरुवातीचे दोन आठवडे हनुवटीखाली दर दाढीला एक लाल ठिपका असायचा. मूठ चेहऱ्याशी साधारण तीस अंशांवर धरायची सवय लागली, तेव्हा थांबलं.

घेताना एकच प्रश्न विचारावा: यात दुसऱ्या कंपनीचं ब्लेड बसतं का? दुधारी ब्लेडाचा आकार सगळीकडे सारखाच, त्यामुळे या रेझरमध्ये बसतं. गंमत म्हणजे हे बदलायचं ब्लेड रुजवलं जिलेट कंपनीचा संस्थापक किंग जिलेट यानेच, 1904 च्या पेटंटने. तेव्हा मुद्दाच ‘वापरा आणि टाका’ हा होता. पेटंट संपलं, बाकीच्यांनीही ब्लेडं काढली, आणि आज तेच कमी कचऱ्याचं वाटतं.

तक्रारी आहेतच. विमानात हातातल्या सामानात ब्लेड नेता येत नाही, प्रवासात अडचण होते. वापरलेली ब्लेडं सुटी टाकायची नाहीत, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. मी पत्र्याच्या डबीच्या झाकणाला चीर पाडून त्यात टाकतो.

जुन्या रेझरची चार कार्ट्रिजं उरली होती. ती आधी संपवली, मगच नवा हातात घेतला. फोमचा डबा अजून अर्धा आहे. तो संपला की साबणाची वडी.