तालमीसाठी भाड्याचा हॉल: जमीन उत्तम, पंखे नकोत

सातवी-आठवीची बावीस मुलं, नाट्यस्पर्धा तोंडावर आणि शाळेचं सभागृह परीक्षेच्या बाकांनी भरलेलं. म्हणून कोथरूडमधला हा हॉल चार रविवार घेतला.

आमच्या नाटकात नेपथ्यच नाही. मुलंच झाड, मुलंच पूर, मुलंच एसटी. (पुण्यात माणसांची भिंत १९७२ मध्येच ‘घाशीराम कोतवाल’मध्ये उभी राहिली, हे सांगितल्यावर पालकांचं ‘पडदे कुठायत?’ थांबलं.) त्यामुळे मी आधी चपला काढून जमीन पाहिली. लाकडी, किंचित दबणारी. शाळेतल्या शहाबादीवर गुडघे फुटतात. इथं पोरं बिनधास्त लोळली.

एका भिंतीला आरसा आहे. त्यावर मी पहिल्याच दिवशी चादर टाकली. आरसा दिसला की मुलं स्वतःला बघत बसतात, आणि खुणेशिवाय सगळ्यांनी एकदम थांबायचं तर शेजाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो. तिसऱ्या रविवारी बावीसजणांची एसटी घाटात एकदम वळली, तेव्हा वॉचमनकाकाही दारात थबकले.

पंखे मात्र इतके खडखडतात की श्वास कसला, माझा आवाजही पोचेना. बंद केले की घामाच्या धारा. शिवाय वेळ संपायच्या दहा मिनिटं आधीच पुढचा झुंबाचा वर्ग दारावर थापा मारतो. पुढच्या वेळी सकाळी सातचीच वेळ घेणार.