पाठ केलेला पासवर्ड की पासकी?

म्हापशाजवळ घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या माझ्या मावसबहिणीला ऐन डिसेंबरात ‘आरक्षण रद्द होत आहे, त्वरित लॉग-इन करा’ असा ईमेल आला. पान हुबेहूब होते, पत्त्यातले एकच अक्षर वेगळे होते, आणि तिने पासवर्ड टाकलाही. पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो भलत्या दारात सांगता येतो, ही त्याची मूळ उणीव आहे. ओटीपीनेही भागत नाही, कारण बनावट पान तोही विचारून घेते आणि त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरते.

पासकी म्हणजे पासवर्ड न टाकता, फोनला बोटाचा ठसा किंवा पिन देऊन खाते उघडण्याची सोय. तिच्यात सांगण्यासारखे गुपितच नसते. तिच्यात संगणकीय किल्ल्यांची एक जोडी असते: खासगी किल्ली आपल्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे जाते. लॉग-इनच्या वेळी संकेतस्थळ दर खेपेस नवा संदेश पाठवते आणि फोन त्यावर खासगी किल्लीने सही करतो. ज्या पत्त्यासाठी ती तयार झाली त्याखेरीज दुसरीकडे ती चालतच नाही, त्यामुळे बहिणीच्या नजरेतून निसटलेले अक्षर ब्राउझरच्या नजरेतून निसटले नसते. लिंक्डइनमधून 2012 साली झालेल्या चोरीत सुमारे 11 कोटी 70 लाख खात्यांचे पासवर्ड हॅशच्या, म्हणजे गणिती प्रक्रियेने बदललेल्या सांकेतिक मजकुराच्या, रूपात गेल्याचे 2016 मध्ये उघड झाले. सार्वजनिक किल्ल्या चोरून मात्र कोणाचेही खाते उघडत नाही.

पासवर्ड डोक्यात असतो, फोन मांडवीत पडला तरी तो बुडत नाही, हे खरे. पण ओटीपी त्याच बुडालेल्या सिमवर येणार असेल तर पाठ पासवर्डचा उपयोग किती? गूगल किंवा ॲपलच्या खात्यात साठवलेली पासकी नव्या फोनवर परत मिळते.

पासकीची कच्ची बाजू आहे फोनचा पिन. मासळी साफ करून ओल्या झालेल्या बोटाचा ठसा लागत नाही, म्हणून बहीण पिन टाकते, आणि तो पिन म्हणजे तिच्या स्कूटरच्या नंबरातले चार आकडे, जे अंगणात प्रत्येक पाहुण्याला दिसतात! ज्याच्या हाती फोन आला आणि ज्याला पिन ठाऊक असला, पासकीही त्याच्याच हाती.

तरीही माझा कौल पासकीलाच आहे, आणि पहिली पासकी ईमेलला करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तेथूनच बदलता येतात. दुसरी पासकी घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा यूएसबी सुरक्षा-किल्लीवर असावी. जुना पासवर्ड बहुतेक ठिकाणी चालूच राहतो. म्हणून तो लांबलचक करून पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवावा, पाठ करू नये.