संध्या यांचे नृत्यपट घरी पाहताना: आधी पाय दिसतायत का ते बघा

नृत्यपटाची प्रत धड आहे की नाही हे कळायला एक मिनिट पुरतं. कुठलंही गाणं लावायचं, नर्तकी उभी राहून नाचतेय असा लांबचा शॉट येऊ द्यायचा आणि थांबवायचं. डोकं आणि पायाची बोटं दोन्ही चौकटीत असतील तर पुढे बघा. पाय घोट्याला कापले गेले असतील तर ती प्रत फुकट मिळाली तरी महागच. व्ही. शांतारामांच्या चित्रपटांतल्या नायिका संध्या यांच्या बाबतीत तर फारच, कारण त्यांचं अर्धं काम कमरेखाली आहे.

4 ऑक्टोबर 2025 ला त्या गेल्या आणि पुण्यात पुन्हा त्यांचे चित्रपट शोधणं सुरू झालं. कथकच्या क्लासमधल्या मुली, लावणी बसवणारे आणि 'पिंजरा' थिएटरात पाहिलेली आजी-आजोबा मंडळी, सगळ्यांचा प्रश्न एकच: बघायचं कुठे आणि कुठली प्रत घ्यायची? हे परीक्षण त्या प्रतींचं आहे. बाई कोण होत्या हे ओघाने येईलच.

एक पुणेरी गैरसमज आधी दूर करू. व्ही. शांताराम म्हटलं की आपण लगेच 'आमच्या प्रभातचे' म्हणतो आणि संध्यांनाही त्याच खात्यात जमा करतो. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांचा राजकमल कलामंदिर हा स्टुडिओ उभा राहिला. विजया देशमुख या मुलीला 'संध्या' हे नाव मिळालं ते राजकमलमध्ये, 1951 च्या 'अमर भूपाळी'त. म्हणजे त्यांची सगळी कारकीर्द परळची. पुण्याशी नातं एवढंच की त्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट पेशवाईतल्या पुण्याची, शाहीर होनाजी बाळाची.

आता प्रती. पन्नाशीच्या दशकातले हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे, साधारण 4 रुंद आणि 3 उंच. आपल्या भिंतीवरचा टीव्ही 16 रुंद आणि 9 उंच. 55 इंची पडद्यावर मूळ चित्र जसंच्या तसं बसवलं तर ते 91 सेंटीमीटर रुंद दिसतं आणि दोन्ही बाजूंना 15-15 सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्याव्यात. घरोघरी नेमकी उलटी चूक होते: पट्ट्या 'रिकाम्या' दिसतात म्हणून कुणीतरी रिमोटवरून चित्र ताणतो किंवा मोठं करतो. ताणलं की नर्तकी तिसऱ्या हिश्श्याने रुंद होते. कपाळावरचं कुंकू गोल न राहता आडवं झालं तर हेच झालंय असं समजा. मोठं केलं तर वरून-खालून मिळून उंचीचा पाव भाग उडतो, आणि खालचा तुकडा म्हणजे पायच.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार 'मूळ' किंवा 4:3 वर ठेवला की यातलं घरातलं पाप धुतलं जातं. पण बऱ्याच ऑनलाइन प्रतींमध्ये हे कापकाम चढवणाऱ्यानेच करून ठेवलेलं असतं. तिथे रिमोट काही करू शकत नाही, दुसरी प्रत शोधावी. शीर्षकातल्या 'एचडी'ला भुलू नका. जुन्या धूसर फितीवरून काढलेलं चित्र फुगवून, वरून कापून 'एचडी' म्हणून चिकटवलेलं सर्रास दिसतं. चौकोनी आणि जरा मऊसर प्रत त्याच्यापेक्षा शंभर पटींनी बरी. चॅनलवर लागलेलं रेकॉर्ड करून ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. खाली सरकणारी जाहिरातीची पट्टी बरोबर घुंगरांवरून जाते.

टीव्हीतली आणखी एक सोय बंद करायची, हालचाल गुळगुळीत करणारी. वेगवेगळ्या कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाचं तिसरं चित्र घालते. साध्या संवादात चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो एवढंच होतं, पण गिरकीत बोटांच्या जागी पंखा दिसतो.

आवाजाचं दुखणं वेगळं. ब्लूटूथ स्पीकर जोडला की आवाज मागे पडतो, 0.2 सेकंद सहज. संवादात हे कळतही नाही. द्रुत तीनतालात, मिनिटाला 240 मात्रा (तालाचे ठोके) धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे पाय समेवर पडलेला दिसतो आणि ऐकू येतो जवळजवळ एका मात्रेने उशिरा. मग 'संध्या लयीत कच्च्या आहेत' असे शेरे मारले जातात. तार लावा किंवा टीव्हीच्याच स्पीकरवर ऐका आणि मग शेरा मारा. अर्थात गाणं आधी ध्वनिमुद्रित होऊन त्यावर नाच चित्रित होत असल्याने तसूभर पुढेमागे मूळ चित्रपटातही सापडेल. ते दर शॉटला वेगळं असतं. स्पीकरचा उशीर सगळीकडे सारखा असतो, त्यावरून ओळखता येतं.

डीव्हीडी घेणाऱ्यांसाठी: चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचा, तर पाल म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीची तबकडी 25 चित्रांची. अशा तबकडीवर चित्रपट चार टक्के जलद पळतो. पाच मिनिटांचं गाणं 12 सेकंद आधी संपतं आणि सूर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. नुसतं बघायचं असेल तर फरक पडत नाही. सोबत रियाझ करायचा असेल तर कॉम्प्युटरवर वेग 0.96 करा, लय जागेवर येईल. सूर त्याने बहुतेक वेळा उतरत नाही, कारण ही सॉफ्टवेअर वेग बदलतानाही सूर तोच धरून ठेवतात. सुरावरून तबकडी ओळखायला जाऊ नये. जुन्या ध्वनिमुद्रणांची पट्टी मुळातच इकडेतिकडे असते. दोन प्रतींमध्ये एकाच गाण्याचे सेकंद मोजावेत.

व्हीसीडी मात्र घेऊच नका. 352 बाय 288 ठिपक्यांच्या चित्रात घुंगरू म्हणजे पिवळा डाग.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी तबकड्या चाळत असाल तर पाकीट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मधल्या भोकाकडून कडेकडे गेलेला उभा ओरखडा बहुधा चालून जातो. गोलाकार, वळशाबरोबर गेलेला ओरखडा असेल तर ठेवून द्या, गाणं तिथेच अडकणार. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर आतला चकाकता थर गेलाय, तो पुसून परत येत नाही. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही.

आता कुठून सुरुवात करायची. बहुतेक जण 'झनक झनक पायल बाजे' (1955) सांगतील आणि ते बरोबरच आहे. भारतातल्या सुरुवातीच्या टेक्निकलर (रंगीत) चित्रपटांपैकी हा एक. वसंत देसाईंचं संगीत, शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ आणि पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर. संध्या तोवर शिकलेल्या नर्तकी नव्हत्या. नायक आणि नृत्यदिग्दर्शक असलेल्या गोपीकृष्णांकडेच त्यांनी या चित्रपटासाठी धडे घेतले. हे डोक्यात ठेवून बघितलं की चित्रपट वेगळा दिसतो, कारण गोष्टीतही नीला शिकायलाच आलेली आहे.

कथक जाणणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: गोपीकृष्ण शेजारी असले की फरक दिसतो. दिसतोच. त्यांच्या चक्करी (गिरक्या) एका जागेवर, खिळा ठोकल्यासारख्या. संध्यांचा भर हात, मान आणि एकदम गोठून उभं राहण्यावर. कथकगुरू रोहिणी भाटेंच्या परंपरेत डोळा तयार झालेल्या पुणेकर प्रेक्षकाला ती मान जरा जास्तच वाटेल. पण ती ठोकळेबाज नव्हे. लांबच्या शॉटमध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठेका दिसावा असं ते काम आहे, आणि म्हणूनच हा चित्रपट मोबाइलवर पाहू नये. तळहाताएवढ्या पडद्यावर फक्त झटके उरतात.

रंग तपासायची जागाही हीच. संध्यांच्या केसांचा काळा रंग चॉकलेटी किंवा जांभळट दिसला, हिरवं वस्त्र मातकट झालं तर प्रत विटलेल्या प्रिंटवरून काढलीय. टीव्हीचा रंग वाढवून उपयोग नाही, लाल तेवढा भडकतो.

'नवरंग' (1959) मात्र प्रतीवर पैसे खर्च करण्यासारखा. होळीचं 'अरे जा रे हट नटखट' सगळ्यांना माहीत आहे. त्यात एकच बाई गौळणही आणि तिला छेडणारा गडीही. डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा, वेश दोन्हीकडून वेगळा. वळली की माणूस बदलतो. हे गाणं दोनदा बघा. पहिल्यांदा जसं आहे तसं. दुसऱ्यांदा मुखवटा समोर असलेल्या तुकड्यांत फक्त पायांकडे बघा. 'तो' आपल्याकडे तोंड करून उभा असतो आणि टाचा आपल्याकडे असतात, बोटं पलीकडे. म्हणजे त्या गड्याची ऐट, त्याचे हातवारे, सगळं पाठीमागे हात नेऊन आणि उलटं चालत केलेलं आहे. कोपर कुठे वाकतं ते बघितलं की खांदे दुखायला लागतात. स्नेहसंमेलनांत हा नाच बसवणारे मुखवटा बांधतात आणि हात तसेच पुढून चालवतात. तिथेच तो पडतो. आणि पाय कापलेल्या प्रतीत तर ही गंमत आहे हेच कळत नाही. सी. रामचंद्रांचं संगीत, आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांचे आवाज, शिवाय त्यात नाचणारा हत्ती आहे.

मधल्या 'दो आँखें बारह हाथ'ला (1957) नृत्यपट म्हणता येणार नाही. पण खेळणी विकणारी चंपा बघायलाच हवी. तुरुंगाबाहेरच्या सहा कैद्यांच्या रूक्ष जगात ती एकटी ठेका घेऊन येते. कृष्णधवल असल्याने प्रतीची कसोटी वेगळी: उन्हातली जमीन नुसती पांढरी झालेली नको, तिच्यावरची ढेकळं दिसायला हवीत.

'तीन बत्ती चार रास्ता' (1953) कामासाठी बघा. सावळ्या रंगामुळे कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या, पण रेडिओवर गाणाऱ्या मुलीची भूमिका. तो काळा मेकअप आज डोळ्याला खुपतो, आणि खुपायलाच हवा. 'स्त्री' (1961) म्हणजे शाकुंतल आणि खरे सिंह. 'सेहरा' (1963) रामलाल यांच्या गाण्यांसाठी. ही दोन्ही घाईत असाल तर गाणी तेवढी बघून सोडली तरी चालेल.

'पिंजरा' (1972) शेवटी ठेवा. पहिल्या चित्रपटानंतर एकवीस वर्षांनी संध्या तमाशाच्या फडावरची चंद्रकला झाल्या. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, सोबत निळू फुले आणि खुद्द संध्यांची बहीण वत्सला देशमुख. राम कदम, जगदीश खेबुडकर आणि उषा मंगेशकर हे त्रिकूट असल्यावर गाण्यांबद्दल वेगळं सांगायला नको. लावणीवाले जाणकार इथेही नाक मुरडतात: ही फडावरची लावणी नव्हे, राजकमलची आहे. खरं आहे. फडावरची बाई जागा धरून अदा करते, समोरच्या प्रेक्षकाला डोळ्यांनी खेळवते. चंद्रकला कॅमेऱ्यासाठी नाचते, तिचा कोन शॉटगणिक बदलतो. म्हणूनच 'मला लागली कुणाची उचकी' पडद्यावरून जशीच्या तशी उचलून बोर्डावर (रंगमंचावर) केली की फसते. उचकीचा झटका पडद्यावर जवळून दिसतो. बालगंधर्व रंगमंदिराच्या बाराव्या रांगेतून तो दिसत नाही, तिथे तो खांद्यातून काढावा लागतो. चाळांचा (पायातल्या घुंगरांचा) आवाजही ध्वनिमुद्रणात ढोलकीच्या बरोबरीने आहे. रंगमंचावर पायांजवळ माइक नसेल तर ढोलकी त्याला गिळते.

या चित्रपटाच्या प्रतींत एक खोड वारंवार सापडते: काही चढवणारे वेळ वाचवायला गाण्यांआधीचे ढोलकीचे तुकडे छाटतात. चंद्रकलेचा प्रवेश त्या तुकड्यावरच आहे. गाणं थेट शब्दांवर सुरू झालं तर प्रत बदला.

मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं तर अर्थातच आधी तेच. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर नजर ठेवावी. आणि तिथे पुढच्या रांगेत बसू नका. मधल्या रांगा बऱ्या.