केंद्राचा रोखा की महाराष्ट्राचा?

रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सामान्यांना सरकारी कर्जरोखे थेट घेता येतात. तिथं दोन्ही मिळतात, व्याजही दोन्हींचं सहामाही. ते सोडून देऊ. खरा फरक परदेशी पैशाला किती वाट मोकळी आहे, याचा.

केंद्राच्या ठरावीक रोख्यांत परकीय गुंतवणूकदारांना एप्रिल २०२० पासून मर्यादाच नाही. जून २०२४ पासून तेच रोखे जेपी मॉर्गनच्या निर्देशांकात, म्हणजे परदेशी फंड जी यादी बघून रोखे घेतात तीत, जायला लागले. रात्री अमेरिकेत यील्ड (रोख्याच्या चालू भावावर पडणारा परतावा; तो चढतो तेव्हा भाव उतरतो) चढलं की सकाळी इथल्या भावात दिसतं. राज्यांच्या रोख्यांत परकीयांना एकूण रोख्यांच्या २ टक्क्यांचीच मर्यादा, आणि तीही बरीचशी रिकामी असते. त्यामुळे महाराष्ट्राचा रोखा शांत वाटतो, वर व्याजही जरा जास्त.

‘वाटतो’ असंच म्हणेन. पाऊस कोयनेवर पडतो आणि पाणी आयर्विन पुलाला चढतं, हे सांगलीकराला काय सांगायचं! राज्याच्या रोख्याचा भाव केंद्राच्या रोख्यावरच बेतलेला असतो. मे २०१३ मध्ये फेडनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, रोखेखरेदी आवरती घेण्याचं नुसतं सूतोवाच केलं. तेव्हा आपल्याकडं परकीयांवर मर्यादा होत्याच. तरी रुपया घसरला, तो सावरायला रिझर्व्ह बँकेनं जुलैत अल्पमुदतीचे दर चढवले, आणि केंद्राच्या दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड ऑगस्टमध्ये ९ टक्क्यांवर गेलं.

मला मात्र नडलं ते वेगळंच. घराच्या कामाला मध्येच पैसे लागले, म्हणून राज्याचा रोखा विकायला काढला, तर घेणाराच नाही. दिवसभर पडद्याकडं बघत बसायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी बोली आली ती इतकी खाली, की जास्तीचं मिळालेलं व्याज तिथंच गेलं. त्याच सुमारास केंद्राचा दहा वर्षांचा रोखा दुपारच्या आत विकला गेला. भावात थोडं सोसलं, पण पैसे हातात आले.

मुदत संपेपर्यंत हात लावायचाच नसेल, तर महाराष्ट्राचा घ्यायला माझी हरकत नाही. केंद्राचाच हवा पण परकीयांची वर्दळ नको, तर जुलै २०२४ च्या अखेरीपासून १४ आणि ३० वर्षांचे नवे रोखे त्या मोकळ्या वाटेतून वगळलेत. पण तेवढ्या मुदतीत भावाचे हेलकावे मोठे. बेदाण्याचा दर बघून वर्षाचा खर्च ठरवणाऱ्या घरात मी तरी केंद्राचा दहा वर्षांचाच सुचवेन.