रोममधे जमिनीखालचं एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर: सान क्लेमेंते की दोमुस आउरेआ?

कोलोसियम, व्हॅटिकन झालं, हातात जेमतेम अर्धा दिवस उरला आणि जमिनीखालचं रोमही बघायचंच आहे, तर बहुतेकांचं घोडं या दोन नावांपाशी अडतं. दोन्ही कोलोसियमपासून चालत जायच्या अंतरावर. मी दोन्ही पाहिलीत आणि माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदा जात असाल तर सान क्लेमेंते.

बाहेरून ते साधं चर्च वाटतं, आत गेलं की बाराव्या शतकातलं सोनेरी मोझेक, तिथे तिकीट नाही. तिकीट काढून जिना उतरला की चौथ्या शतकातलं चर्च, म्हणजे आत्ता आपण जिथे उभे होतो त्याच्या बरोब्बर खाली, आणि अजून एक जिना उतरला की थेट रोमन काळातल्या विटांच्या भिंती, अरुंद बोळ, गार हवा आणि मिथ्रास देवाचं बुटक्या छताचं देऊळ, दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे, मधे बैल मारणाऱ्या मिथ्रासची वेदी. नावाने हा आपल्या ऋग्वेदातल्या मित्राचा भाऊबंद, पूजा मात्र पार वेगळी. हे देऊळ जाळीबाहेरूनच बघावं लागतं. १८५७ मधे फादर मलूली नावाच्या आयरिश धर्मगुरूंनी खणायला घेतलं म्हणून हे सगळं वर आलं, नाहीतर लोक शतकानुशतकं वरच प्रार्थना करून जात होते.

मधल्या मजल्यावर सिसिन्नियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या दंतकथेचं भित्तिचित्र अजिबात चुकवू नका. तो नोकरांना संत क्लेमेंतला, म्हणजे ज्यांच्या नावाचं हे चर्च आहे त्यांना, ओढत न्यायला सांगतो आणि ते बिचारे खांबालाच क्लेमेंत समजून ओढतायत, आणि सिसिन्नियसच्या तोंडची शिवी चित्रातच लिहिलीय, लॅटिनमधे नाही तर लोकांच्या रोजच्या बोलीत. इटालियन भाषेच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांपैकी हा एक. चर्चच्या भिंतीवर, अकराव्या शतकात! मी तिथे कितीतरी वेळ उभी होते. खाली फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनीच बघून घ्या.

दोमुस आउरेआ म्हणजे रोमन सम्राट नीरोचा सोन्याचा महाल, इसवी सन ६४ च्या आगीनंतर बांधलेला. इथे मजले उतरायचे नाहीत, इथे भव्यता आहे. नीरो गेल्यावर पुढच्या काळातल्या सम्राट ट्राजनने खोल्या मातीने भरून वर स्नानगृहं उभारली, आणि त्या भरावामुळेच महाल टिकला. पंधराव्या शतकाच्या शेवटी लोक भोकातून दोर सोडून आत उतरले तेव्हा ते भरावावर, म्हणजे पार छताजवळ पोचले, राफाएलसारखे चित्रकार दिव्याच्या उजेडात ती नक्षी बघायचे, आणि ही जागा गुहा (इटालियनमधे ग्रोत्ता) वाटली म्हणून त्या शैलीला ग्रोटेस्क नाव पडलं. अष्टकोनी दालनाच्या घुमटाला मधोमध गोल झरोका आहे, त्यातून प्रकाश येतो तेव्हा खरंच अंगावर काटा येतो.

पण अडचणी आहेत. वर बाग आहे, तिथली झाडांची मुळं आणि ओल यामुळे चित्रं फिकट झालीत, बऱ्याच ठिकाणी नुसत्या उंच मळकट भिंती दिसतात आणि महाल कसा असेल ते व्हीआर चष्म्यातून बघावं लागतं. गाइडबरोबरच जावं लागतं, आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, तिकीट आधी काढा. आत चांगलंच गार असतं, भर उन्हाळ्यातही जॅकेट न्या, आमच्याकडे नव्हतं आणि शेवटी शेवटी लक्ष सगळं थंडीकडेच. ज्यांना चित्रकला किंवा आर्किटेक्चरची आवड आहे त्यांनी मात्र हेच आधी निवडावं, त्यांच्यासाठी सान क्लेमेंतेपेक्षा इथे जास्त खजिना आहे.

गुडघे दुखत असतील तर सान क्लेमेंतेचे जिने लक्षात घ्या, आणि दुपारच्या बंद वेळेत जाऊ नका. लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही सोडून ट्रेव्ही कारंज्याजवळचं वीकस काप्रारियस हे जमिनीखालचं रोमन अवशेषांचं ठिकाण बघा, जुन्या सिनेमा थिएटरचं काम चालू असताना सापडलेलं, छोटंसं, आणि इसवी सनपूर्व १९ मधे रोमन सेनापती आग्रिप्पाने आणलेल्या नहराचं पाणी अजून तिथे येतं. पाण्याचा आवाज तसा सान क्लेमेंतेलाही आहे, सगळ्यात खालच्या मजल्यावर भिंतीपलीकडे वाहतं पाणी ऐकू येतं, तिथे ग्रुप पुढे जाऊ द्या आणि दोन मिनिटं गप्प उभे रहा.