पिक्सेल माळा : दिवाळी ते अवकाळी, सात महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीत नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या रो-हाऊसला पिक्सेल माळा लावल्या. ५० दिव्यांची एक, अशा सहा. छज्जा, गच्चीचा कठडा, जिन्याची ग्रिल. साध्या माळेशी फरक एवढाच की प्रत्येक दिव्यात आपली चिप असते (डब्ल्यूएस २८११), त्यामुळे कुठल्या दिव्याने कुठला रंग धरायचा ते मोबाईलवरून ठरवता येतं. माळांना हुकूम देणारा कंट्रोलर ईएसपी ३२ या वायफायवाल्या चिपचा, त्यात डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर. घरचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर हवा, ५ वर कंट्रोलर जोडलाच जात नाही. यात माझी एक संध्याकाळ गेली.

वसुबारसेला धबधबा, इंद्रधनुष्य, पळता साप, सगळं चालू केलं. आई फाटकात उभी राहून म्हणाली, "घर आहे का गंगापूर रोडचं लॉन्स? आता कुणीतरी आहेर घेऊन येईल." खरं होतं. लक्ष्मीपूजनाला अंगणातल्या पणत्या दिसेनात. त्या रात्रीच एक पिवळसर रंग आणि ३० टक्के उजेड ठेवला, तो आजवर तसाच आहे. फक्त २६ जानेवारीला तिरंगा, आणि रंगपंचमीच्या संध्याकाळी रंग पोरांच्या ताब्यात.

विजेची भीती उगाच होती. अडॅप्टर १२ व्होल्ट, २० अँपिअरचा, म्हणजे २४० वॉट. पूर्ण ताकदीने चार तास लावला तरी एका युनिटच्या आत, आणि आम्ही तेवढा कधी लावतच नाही.

डोकेदुखी दिव्यांची नाही, वायरची. माळ लांबली की टोकाला व्होल्टेज पडतं आणि पांढरा रंग लालसर, आजारी दिसतो. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. वायरमनने शेवटच्या टोकालाही वेगळी सप्लाय वायर नेली, मग सुधारला. दुसरं, सिग्नल एका दिव्यातून पुढच्यात जातो, त्यामुळे एक मेला की पुढची सगळी रांग आंधळी. फेब्रुवारीत कठड्यावरचे निम्मे दिवे गेले. आधी वाटलं कंट्रोलर गेला. निघालं काय, खारीने दोन दिव्यांमधली वायर कुरतडलेली. दोन सुटे दिवे आणि सोल्डरिंगची सोय घरात ठेवाच.

एकदा रात्री दोनला लाईट जाऊन आली आणि अख्खं घर भगवं पेटलं. समोरच्या काकांनी फोन केला, "काय रे, सगळं ठीक ना?" लाईट आल्यावर आपोआप पेटायचं आणि तेही नारिंगी, अशी त्या सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग असते. ती पहिल्या दिवशीच बंद करा.

पाण्याचं म्हणाल तर दिवे आयपी ६७ चे, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडले तरी चालावेत असे. मे महिन्यातल्या अवकाळीत एकही गेला नाही. गेले ते जॉइंट. नुसती टेप मारलेले तीनही हिरवे पडले, सिलिकॉन भरलेले शाबूत. अडॅप्टर मात्र पाण्याचा नसतो, त्याला झाकणाच्या डब्यात, छताखाली ठेवा आणि लाईनवर आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. घरात लहान मुलं असतील तर हे टाळूच नका.

प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झाल्या, त्या जागी काळे झिप टाय लावले. पांढरे लावले होते तेही तुटले.

पाऊस लागायच्या आत कठड्यावरच्या माळा उतरवणार आहे. छज्जाखालच्या दोन आईने राहू द्यायला सांगितल्यात, रात्री फाटकाची कडी दिसते म्हणे.