नग्गरच्या वरचं भाड्याचं घर, जानेवारीचा एक महिना आणि माझी कंबर

घराचं नाव टाकणार नाही हे आधीच सांगतो, मालकच नको म्हणाले, उन्हाळ्यात लोक फोन करून करून जीव खातात म्हणे. कुलू खोऱ्यात नग्गरहून रुमसूकडे रस्ता चढतो ना, त्या बाजूला सफरचंदाच्या बागेत जुनं काठकुणी घर आहे, म्हणजे देवदारच्या तुळया आणि दगड आलटून पालटून रचलेले, मधे सिमेंट-चुना काही नाही, वर स्लेटचं छप्पर. खाली गाय, मधल्या मजल्यावर मालक, वर आम्ही. महिन्याचे 24 हजार, सरपण वेगळं.

मी आणि बायको, दोघांचंही वर्क फ्रॉम होम. माझं वय 47, जिमची फी दरवर्षी न चुकता भरतो, जातो साधारण संक्रांतीपर्यंत. पण रविवारी सिंहगड चुकवत नाही त्यामुळे आपण फिट आहोत असं वाटायचं, तो भ्रम दुसऱ्याच दिवशी फिटला.

झालं काय, खोलीत तंदूर आहे. रोटीवाला नव्हे, इकडे तंदूर म्हणजे पत्र्याची पेटी, आत लाकूड घालायचं, धूर पाइपातून छपराबाहेर जातो आणि वर किटली कायम ठेवलेली. जाहिरातीत 'सेंट्रल हीटिंग' लिहिलं होतं, तंदूर खोलीच्या बरोब्बर मधे आहे, त्या अर्थाने खरंच आहे म्हणा. दिवसाला दहा-बारा किलो लाकूड लागतं आणि ते ओंडक्यांच्या रूपात अंगणात पडलेलं असतं. फोडून हवं असेल तर माणूस मिळतो, पण मला खाज, म्हटलं मीच फोडतो.

पहिले वीस घाव नुसते वाया, कुऱ्हाड रुतून बसायची, मग ओंडक्यासकट उचलून आपटा. मालकांची आई, सत्तरीच्या, पाठीवर किल्टाभर, म्हणजे पाठीला अडकवायची टोपली भरून, गवत घेऊन चढ चढून आल्या आणि थांबून बघत राहिल्या. दम मला लागलेला, त्यांना नाही! मग म्हणाल्या, "बेटा, ज़ोर बाद में, पहले लकड़ी को देख." ओंडक्याच्या तोंडावर बारीक चीर असते, मधून कडेला जाणारी, घाव तिच्यावर घालायचा आणि गाठ टाळायची. एक हात दांड्याच्या टोकाला पक्का, दुसरा पात्याजवळून खाली घसरत यायचा, आणि घाव बसताना गुडघे वाकवायचे, कमरेतून वाकायचं नाही. कैल म्हणजे इकडचा पाइन, त्याचं लाकूड सरळ फाटतं, त्यात राळ असते म्हणून भुर्रकन पेटतं आणि पाइपात काजळीही तीच धरते. सफरचंदाचं मात्र वाकडं, गाठाळ, तोंडाला फेस आणतं, पण रात्री एक तुकडा टाकला की बराच वेळ धगधगत राहतो. आठव्या दिवशी पहिल्यांदा एका घावात ओंडका खाडकन दोन झाला, त्या आवाजासाठी मी पुन्हा 24 हजार भरेन.

बाकी कामं. रात्री पारा शून्याखाली गेला की पाइप गोठतो, नळ बारीक धारेने चालू ठेवायचा असतो, आम्ही विसरलो, मग दुपारपर्यंत खालच्या टाकीवरून बादल्या, 41 पायऱ्या, मोजल्यात. महिन्यात तीनदा बर्फ पडला. ताजा भुसभुशीत असतो तेव्हा फावड्याने ढकलायला मजा येते, दुपारी ऊन लागून ओला झाला की तोच शिशासारखा जड, म्हणून सकाळीच वाट मोकळी करायची. छपरावर पाहुण्यांना चढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. शेवटच्या आठवड्यात बागेत तौलिये करायला गेलो, म्हणजे झाडाभोवती गोल आळं खणून शेणखत घालायचं. छाटणी मात्र मालक कुणाला करू देत नाहीत, पुढच्या वर्षीचं पीक तिथेच ठरतं.

एक सिरियसली सांगतो. बीपी किंवा हार्टचं काही असेल तर बर्फ उपसायच्या भानगडीत पडू नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, त्यात उठल्या उठल्या श्वास रोखून जड फावडं उचलायचं म्हणजे हृदयावर भलता ताण. मी आधी घरात दहा मिनिटं हातपाय हलवून मगच बाहेर पडायचो आणि फावडं अर्धंच भरायचो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही.

रिझल्ट? वजन फक्त दीड किलो उतरलं, कारण सिड्डू. कणकेचा, वाफवलेला, आत अक्रोडाचं सारण, आणि वर तूप ओततात म्हणजे अक्षरशः ओततात, नाही म्हणायची सोय नाही. पण खुर्चीत बसून दुखणारी कंबर तिसऱ्या आठवड्यात गप्प झाली आणि झोप अशी की साडेनऊला डोळे मिटतात. बायको बादल्यांमधे माझ्या पुढे होती हे तिने लिहायला लावलंय.

तक्रारी आहेत. '24 तास गरम पाणी' साफ खोटं, गीझर आहे पण पाइपच गोठलेला तर तो काय करणार. बर्फानंतर चार दिवस वीज आणि वायफाय दोन्ही गुल, ऑफिसला तोंड देताना नाकी नऊ आले, डेडलाइन असेल तर येऊच नका. बाथरूम जिन्याच्या बाहेर, रात्री दोनला तिथे जाणं हा वेगळाच ट्रेक. पहिलं सरपण ओलं आलं, नुसता धूर, डोळे चुरचुरले, बदलून मिळालं पण दोन दिवस हुज्जत घालून.

पाचपैकी चार. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस घ्या, पतलीकूहलला उतरा, बियास ओलांडली की नग्गर पाच-सहा किलोमीटर. चामड्याचे हातमोजे घरूनच न्या, लोकरीच्या मोज्यातून दांडा सटकतो, माझी कुऱ्हाड एकदा गाईच्या गोठ्यापर्यंत गेली होती. आणि सरपण उतरवून घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजलं तर सुकं, थप्प आवाज आला तर तिथल्या तिथे परत पाठवा.